मशीनातली तीस तारीख

३० नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर बायनाबाई! माझ्या चहाला उकळी फुटायच्या आत दारात. गावातले लोक अजून राखुंडीनं दात घासत होते आणि ही बाई कालव्याच्या पार शेपटाकडून पायी, डोक्यावर गाठोडं घेऊन आली. मी म्हणलं, "बायना, गाव सोडून चाललीस का काय?"

"चाललेच की आत्याबाई. दुपारी उसाची गाडी निघायलीय. आधी पाण्याची अर्जी, मग कोयता."

तिच्या मागनं शेपटाकडल्याच आणखी पाच जणी. सहाही घरं ऊसतोडीला निघालेली. गहू पेरून ठेवलाय, राखायला घरोघर एखादं म्हातारं माणूस. कालव्याचं पाणी हवं तर आज तीस तारखेच्या आत अर्ज द्यायचा, उद्या दिला तर हिवाळाभर कोरडं. असा नियम आहे. (कोकिळा, माझी नात, म्हणते की डायरी अशी लिही की परक्या माणसालाही कळावं. म्हणून सांगते. पाणी संस्थेचं हापिस आमच्याच ओसरीत आहे. मशीनही तिथंच, त्याला आपण कम्प्युटर म्हणायचं. पुण्याच्या कोण्या लोकांनी प्रयोग म्हणून दिलंय. परभणीला सहा महिने शिकून आलेली सगळ्या झरी गावात एकटी कोकिळा, म्हणून नोकरी तिला. आणि ही डायरी खताच्या दुकानाची, एक्क्याण्णव सालची, कोरी पडली होती. वार चुकीचे छापलेत, ते मी खोडून लिहिते. आज शनिवार छापलाय.)

तर अंगठ्याची गंमत. शाईचं पॅड वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं झालेलं. कोकिळेनं शाई ओतली, ती झाली जास्त. बायना म्हणली, "अर्जी खराब व्हायची, आधी कशावर तरी उठवून बघते." माझी डायरी चटईवर उघडी पडलेली, त्याच्यावरच दाबला की अंगठा! मी ओरडेपर्यंत पुढचीनं दाबला, मग तिच्या पुढचीनं. सहा जणींचे सहा काळे अंगठे माझ्या कोऱ्या पानावर, बोरं सांडल्यासारखे. मी बोलायचं ते बोलले. कोकिळा आपली हसतेय. म्हणते, "आज्जी, प्रत्येकीच्या अंगठ्याखाली तिचं नाव लिही, तेवढाच सराव." लिहिली. सहा नावं काढायला चहा दोनदा गार झाला. जागा उरली नाही म्हणून हे सगळं मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस अर्ज झाले. कोकिळेनं यादी मशीनात घातली. संस्थेचे चेअरमन माणिकराव सह्या करायच्या म्हणून अर्जांचा गठ्ठा घरी घेऊन गेले. कस्तुरेनं, माझ्या सुनेनं, आज पुन्हा वरणात मीठ जास्त टाकलं. पंचवीस वर्षं झाली, हात काही बसत नाही.

२ डिसेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते कुणाला खरं वाटायचं नाही.

कोकिळा म्हणाली, "आज्जी, ये, तुझ्या नावाची फाइल करते." मला वाटलं तहसिलात असते तशी, लाल फडक्यात बांधलेली. तिनं इंग्रजीतली पाच अक्षरं मारली, टच म्हणे, आणि पुढं माझं नाव. एक बटण दाबलं. झाली म्हणे फाइल.

"आत काय हाय?"

"काईच न्हाई. रिकामी हाय."

"म्हणजे रिकामं पातेलं चुलीवर ठेवल्यावाणी?"

"तसंच. पण पातेलं हाय ना? नाव हाय, तारीख हाय." तिनं दोन अक्षरं मारली तशी काळ्या पडद्यावर हिरवी यादी पडली. त्यात एका ओळीत सगुणा, शेजारी आजची तारीख. वय वर्षं त्रेसष्ट, आणि पहिल्यांदा माझं नाव उजेडासारखं लकाकताना बघितलं! डोळ्याला पदर लावला मी.

पण पुढचं ऐका. ती म्हणाली, "आता बघ." पुन्हा टच, मधे कायतरी आकडे, पुढं माझं नाव. यादी काढली तर तारीख एक जून एकोणीसशे बहात्तर!

"अगं बया! हे कसं?"

"फाइल तीच, आत तसंच रिकामं. नुसती वरची तारीख बदलली. ही माझी शाळेतली जन्मतारीख."

एक जून म्हणल्यावर मला हसूच आलं. आमच्या शाळेत गुरुजींनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून लावलाय. झरीत निम्मं गाव एक जूनला जन्मलं! कोकिळेची खरी तारीख मला विचारा. बहात्तरचा दुष्काळ, नागपंचमीचा आदला दिवस, खडीच्या कामावर तिच्या आईला कळा आल्या आणि मी पदराचा आडोसा केला. गुरुजींना सांगायला तिचा आजा गेला तर ते म्हणले, जाऊ द्या आबा, एक जूनच बरा पडतो. म्हणजे गुरुजींच्या हातात जी कला होती तीच आता कोकिळेच्या हातात!

मी म्हणलं, "माझ्या लग्नाची तारीख लाव. पोलीस ॲक्शन झाली ते साल."

तिनं खटपट केली. मशीन नको म्हणालं. त्याला म्हणे सत्तरच्या आधीचं काही ठाऊकच नाही. सत्तर सालापासून दिवस मोजायला लागलंय ते. मी तर गारच पडले. मग माझं लग्न, रझाकारांच्या भीतीनं रानात काढलेले दिवस, हे सगळं कुठं गेलं? आपल्याआधी जगच नव्हतं असं वाटतं त्याला. आजकालच्या पोरांसारखंच आहे.

हे मला कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, नाहीतर पोट फुगायचं.

५ डिसेंबर, रविवार

काल भुजंग आला होता. माणिकरावांचा पुतण्या, लय मिजाशी. मी अंगणात शेंगा फोडत होते. हातात सहा अर्ज, एक त्याचा आणि पाच त्याच्या सोयऱ्यांचे. कोकिळा म्हणाली, "दादा, तारीख जाऊन चार दिवस झाले."

"तारखेचं काय घेऊन बसलीस? काका हायत की."

ती म्हणाली, काकालाच द्या मग. तो गेला, पण जाताना माझ्या सोललेल्या दोन मुठी शेंगा खाऊन गेला. टरफलं तरी फोडायची!

८ डिसेंबर, बुधवार

हापशावर परवा चांगुणाबाईला सांगितलं होतं की आमची कोकिळा गेलेला दिवस परत आणते, बोटानं. ती पाण्याची घागर तशीच ठेवून बघत राहिली. आज सकाळी दारात हीऽ गर्दी! चांगुणाबाईचा नवरा दवाखान्यात शिपाई आहे, त्याची नोकरी यंदा संपतेय. "माय, त्याला दोन वर्सं ल्हान कर." दुसरीला पोरगी लग्नाला तीन वर्षांनी लहान करून हवी. एक म्हातारी म्हणली, "माझा ल्योक ज्या दिवशी गेला तो दिवस पुसून टाक." मी तिला चहा दिला.

कोकिळेनं सगळ्यांना हात जोडले. "मावशी, माणसाची तारीख न्हाई बदलत. नुसती फाइलची." पण कुणाला पटतंय! मी दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होते, "बदलती, बदलती. मी डोळ्यानं बघितलंय." लय मान मिळाला आज. हापशावर नंबर नाही लावावा लागला.

१२ डिसेंबर, रविवार

आज तर आक्रीतच घडलं. खुद्द माणिकराव आमच्या घरी आले! हरभऱ्याची भाजी खुडून आणली होती, पाटीभर. मला "वैनी" म्हणाले. आजवर या घरासमोरून जीपमधून धुरळा उडवत जाणारा माणूस! सोबत संस्थेतले दत्तराव आणि आणखी एक जण. घोंगडी टाकली, कस्तुरेनं चहा केला.

माणिकराव म्हणले, "वैनी, गाव म्हणायलंय तुमची नात मशीनात कोणतीबी तारीख लावती. खरंय का?"

मी म्हणलं, "खोटं कशाला बोलू? माझ्यादेखत एक जून लावली."

"म्हणजे मशीनातली तारीख काय, हवी तशी फिरती?"

"फिरती तर! अस्सं टिचकीसरशी."

माणिकराव दत्तरावांकडं बघून म्हणले, "ऐकलं ना?" दत्तराव म्हणले, ऐकलं. किती कौतुक वाटलं त्यांना! कोकिळा तेव्हा परभणीला गेली होती. संध्याकाळी आली तेव्हा सांगितलं तर तिनं चपला पायातच ठेवून विचारलं, "साक्षीला कोण होतं?" मी म्हणलं, साक्षीला कशाला, चहाला होते. ती तशीच ओसरीत मशीनपाशी जाऊन बसली. कामानं थकते पोर.

२१ डिसेंबर, मंगळवार

ओसरीत आवाज चढला म्हणून मी आत पिठाचे हात घेऊन उभी राहिले. माणिकराव कोकिळेला म्हणत होते, "नवी यादी कर. शेपटाकडले सहा काढ, हे सहा घाल. आन् तीस नोव्हेंबर लाव. तुला येतंय ना ते?"

"येतंय काका. पण लावणार न्हाई."

"तुझी आज्जी तर म्हणती टिचकीसरशी लागती."

"लागती म्हणून लावायची का? विळा हातात हाय म्हणून कुणाचंबी रान कापावं का?"

माणिकराव उठले. जाताना माझ्याकडं बघून हसले, पण "वैनी" नाही म्हणाले.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण काय ते नीट कळेना. कोकिळेला विचारावं तर ती जेवलीच नाही.

३ जानेवारी, सोमवार

(डिसेंबर संपला. ही डायरी आता पहिल्या पानापासून धरली. छापलेलं साल तेच, पण मी आहे चौऱ्याण्णवमध्ये.)

आज चावडीवर पाण्याची यादी लागली, माणिकरावांच्या हाताची. नावं एक्केचाळीसच. पण शेपटाकडली सहाही घरं गायब आणि तिथं भुजंग न् त्याचे सोयरे.

धुरपदाबाई आली. बायनाची सासू आणि माझी बालमैत्रीण, आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी. तिला वाचता येत नाही, पण पाण्याच्या पाळीची चिठ्ठी आली नाही एवढं कळलं. ओसरीच्या पायरीवर बसली. म्हणली, "सगुणा, गव्हाला एक पाणी शेजाऱ्याच्या हिरीचं दिलं, हातापाया पडून. आता ओंबी धरायच्या वख्ताला न्हाई मिळालं तर दाणा भरायचा न्हाई. बायना म्हणून गेली, आत्या, अर्जी दिलीया, फिकीर करू नका. मग पोरगी माझ्याशी खोटं बोलली का गं?"

मी म्हणलं, "न्हाई. माझ्यासमोर दिली तिनं."

कोकिळेनं माणिकरावांना विचारलं होतं, अर्ज कुठं आहेत. ते म्हणले, सहा अर्ज आलेच नाहीत, त्या बाया तर आधीच उसाला गेल्या होत्या. कोकिळा म्हणाली, मशीनात यादी आहे, तीस तारखेची. तर म्हणले, "मशीनातल्या तारखेचं तू मला सांगू नगं. तुझ्या आज्जीनं तिघांदेखत कबूल केलंय. ती यादी तू काल केलीस, आन् तीस लावलीस."

हे कोकिळेनं मला सांगितलं तेव्हा मी जात्यापाशी होते. खुंटा हातात तसाच राहिला.

४ जानेवारी

मी केलं हे. दुसऱ्या कुणी नाही. पोरीच्या हातात खरं होतं आणि मी गावभर सांगत हिंडले की तिच्या हातात खोटं करायची कला आहे. त्या हरभऱ्याच्या भाजीसाठी. भाजी निबरही होती.

कोकिळा रागावली नाही. तेच जास्त लागलं. तिनं परभणीला पाटबंधाऱ्याच्या हापिसात तक्रार लिहिली. माणिकरावांनी निरोप धाडलाय की तक्रार खोटी ठरली तर मशीनही जाईल आणि नोकरीही.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांत झाली. तिळगूळ देताना भुजंगाची आई म्हणली, "गोड बोला," आणि वर, "तारीख कोणती लावू?" बाया हसल्या. मी तीळ गिळून घरी आले.

काल विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. परभणीकडं त्यावरून गडबड आहे, एसट्या बंद आहेत. पाटबंधाऱ्याचे साहेब काही येत नाहीत म्हणे. धुरपदाबाई रोज पायरीवर येऊन बसते. तिच्या गव्हाची पानं दुपारची सुरळी व्हायला लागलीत.

१७ जानेवारी, सोमवार

एसटी नव्हती, तर साहेब जीपनं आले! दिनकरराव म्हणून आहेत, सोबत एक कारकून. ओसरीत माणिकराव, भुजंग, दत्तराव, दारात अर्धं गाव. धुरपदाबाई तिच्या पायरीवर.

माणिकरावांनी सांगायचं ते सांगितलं आणि माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही म्हणालात का, नात तारीख बदलते म्हणून?"

काय बोलू? कोकिळेनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, खरं सांग म्हणून. मी म्हणलं, "म्हणले. बदलतीच ती."

दारात कुजबूज झाली. धुरपदाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

मग कोकिळा उठली. म्हणाली, "साहेब, बदलता येती हे खरंच हाय. पण मशीन अजून एक वेळ ठेवतं. फाइलला हात कवा लावला, त्याची. ती टचनं मागं नेता येत न्हाई." तिनं माझ्या नावाची फाइल काढली. वरनं तारीख एक जून बहात्तर. दुसऱ्या तऱ्हेनं यादी पाडली तर त्याच फाइलपुढं दोन डिसेंबर! मी तोंडात बोट घातलं. गुरुजींनी एक जून लिहिलं तरी नागपंचमी माझ्या पोटात होती, तसंच की हे! मग पाण्याची यादी दाखवली. तिच्यापुढं इकडूनही तीस नोव्हेंबर, तिकडूनही तीस नोव्हेंबर.

साहेब खूश झाले. पण माणिकराव कच्चा माणूस नाही. म्हणले, "समद्या मशीनचंच घड्याळ मागं नेलं आसंल हिनं." साहेबांनी कोकिळेकडं बघितलं. ती म्हणाली, "तसं करता येतं. मी केलं न्हाई." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग मशीनच्या बाहेरचं काहीतरी लागेल. कागद, साक्ष. त्या बायका कुठं आहेत?" त्या तर लांब, उसाच्या फडात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणलं, "साहेब, मी डायरी लिहिते. त्या दिवसाचं लिहिलंय, कोण कोण आलं ते."

ज्वारीच्या कणगीतून डायरी काढली, दाणे झटकले. म्हणलं एवढंच पान बघा. भुजंगानं आधी हिसकून बघितली आणि खदखदून हसला. "ही तर एक्क्याण्णवची! शनवार छापलाय!"

मी म्हणलं, "छापणाऱ्याला काय ठाव मी कवा लिहिणार ते? वरचं काय बघतोस, आतलं वाच."

माणिकराव म्हणले, एकच पान नको, काल रात्रीही लिहून चिकटवलं असेल. सगळीच वाचा, मोठ्यानं. त्यात काय काय होतं मला माहीत होतं. धुरपदाबाईकडं बघितलं. म्हणलं, "वाचा."

कारकुनानं वाचली. कस्तुरेच्या मिठापाशी कस्तुरा आत निघून गेली. भुजंग, चार डिसेंबर, सहा अर्ज आणि माझ्या शेंगा वाचल्यावर दारात असा काही हशा उठला की भुजंग लाल झाला. "काका हायत की" इथं साहेबांनी माणिकरावांकडं नुसतं बघितलं. हरभऱ्याच्या भाजीचंही वाचलं. पण माणिकराव म्हणले, "म्हातारीच्या कहाण्या! उद्या चिमणीची गोष्ट पुरावा म्हणाल."

साहेबांनी डायरी हातात घेतली. तीस नोव्हेंबरच्या पानाची मागची बाजू वाचून झाली होती. त्यांनी पान उलटलं आणि थांबले. कारकुनाला जवळ बोलावलं. मी मान वर करून बघितलं.

बाई! अंगठे! सहा काळेभोर अंगठे, खाली माझ्या वाकड्या अक्षरात सहा नावं. आत्ताच वाचून झालं होतं, पण तोच पुरावा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गेले दीड महिने पान खराब झालं म्हणून मनात चरफडत होते फक्त.

साहेब हळू विचारते झाले, "आजी, या बायका गावातून कधी गेल्या?"

"त्याच दुपारी. उसाच्या गाडीनं. तवापासून एकबी आली न्हाई."

"माणिकराव, तुम्ही म्हणता त्या अर्ज द्यायच्या आधीच गेल्या होत्या. मग हे अंगठे इथं चालत आले का?"

माणिकराव दत्तरावांकडं बघायला लागले. दत्तराव तेवढ्यात म्हणले, मला रानात काम आहे, आणि चपला घालून गेलेही.

धुरपदाबाई पायरीवरून उठून आत आली. तिला अक्षर येत नाही. पण तिनं पानावर वाकून पहिल्या अंगठ्यावर बोट टेकवलं. मधोमध आडवा वण होता, मागच्या साली कोयता लागलेला. म्हणली, "ही माझी बायना."

मला रडू आवरेना.

साहेबांनी तिथंच कागद केला. फडावर जाऊन सहा जणींचे ताजे अंगठे घेणार, ते जुळवणार. तोवर यादी मशीनातलीच धरायची, तीस नोव्हेंबरची. कालव्याच्या चारीचं दार उद्या सकाळी शेपटापर्यंत उघडायचं. त्या पानावर साहेबांनी स्वतःची सही आणि आजची तारीख टाकली. डायरी माझ्याकडंच ठेवली, म्हणले, "आजी, ह्यात पुढं काही खोडू नका. आणि लिहायचं थांबवू नका."

कस्तुरा अजून बोलत नाही. पण संध्याकाळचं वरण वाढलं तेव्हा मी बघतच राहिले. मीठ बरोबर होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

१८ जानेवारी, मंगळवार

सकाळी धुरपदाबाईचा निरोप आला, पाणी बांधापर्यंत आलं. मी आणि कोकिळा बघायला गेलो. धुरपदाबाई पाटात उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात फावडं. म्हणली, "सगुणा, पाय घाल की." घातला. लय गार पाणी!

साहेब अंगठे घेऊन शुक्रवारी सकाळी पुन्हा येतो म्हणालेत. म्हणून एकवीस जानेवारीचं पान काढलं, छापलेला सोमवार तेवढा खोडला, तो काही माझ्या हातचा नाही, आणि शाईनं लिहून ठेवलं: शुक्रवार.